किडनी जुळली नाही, यात दोष कुणाचा?

एरवी मी तुमच्याशी गटाचं कर्ज, बँकेचा हप्ता, शेळीपालन, पापड-मसाल्याची विक्री याबद्दल बोलते. आज वेगळ्या विषयावर बोलणार आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. डॉक्टरकीतलं मला फार कळत नाही, पण एका प्रश्नाचं उत्तर शोधताना मला इतिहासच कामी आला. म्हणून त्याच वाटेनं तुम्हाला नेते.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातला घाटाखालचा भाग तुम्हाला माहीत आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. या पट्ट्यात किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. तिथल्याच एका गटातली ही बाई. नाव सांगत नाही. वय चाळिशीच्या आतबाहेर, पदरी तीन लेकरं. दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा एसटीनं डायलिसिसला जायचं आणि संध्याकाळी गळून परत यायचं.

नवरा म्हणाला, "माझी घ्या." रक्तगट जुळला. सगळ्या तपासण्या झाल्या. शेवटचा एक रिपोर्ट राहिला होता, क्रॉसमॅच नावाचा. तो आला तेव्हा गटाची बैठक चालू होती. तिनं कागद माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, पॉझिटिव्ह. मी म्हणाले, "अगं, जुळलं!" बायांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी समजावून सांगितलं की इथं पॉझिटिव्ह म्हणजे वाईट. तिच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध आधीपासूनच काहीतरी तयार होतं. ही किडनी बसवली तर शरीर ती फेकून देईल.

गावात जीभ कोण धरणार? कुणी म्हणालं, नवराबायकोचं मनच जुळलं नसेल. कुणी म्हणालं, पत्रिका न बघता लग्न लावलं त्याचं फळ. ती मला एवढंच म्हणाली, "ताई, माह्याच आंगात काई खोट हाये काय व?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. टाळ्या वाजवायला लावणारीही मीच होते, त्याची लाज वेगळीच. मग डॉक्टरांना विचारलं, वाचलं. उत्तर सापडलं, पण ते सांगायला मला आधी तुम्हाला सव्वादोनशे वर्षं मागं, पुण्यात न्यावं लागेल.

कावसजी नावाचा एक बैलगाडीवान इंग्रजांच्या फौजेत होता. १७९२च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा फिरला. मग पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवीन नाक बसवून दिलं. इंग्रज डॉक्टर बघत उभे होते. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४मध्ये ही हकिकत चित्रासह छापून आली आणि विलायतेतले डॉक्टर ती विद्या शिकू लागले. ज्यानं नाक बसवलं त्याचं नाव त्यात नाही.

ते नाक टिकलं, कारण कातडी त्याची स्वतःची होती. शरीरानं आपलं माणूस ओळखलं. पण दुसऱ्याची कातडी लावली तर? ती काही दिवस धरल्यासारखी दिसायची आणि मग काळी पडून गळून जायची. असं का होतं, हे पुढची दीडशे वर्षं कुणाला नीट सांगता आलं नाही.

उत्तर मिळालं ते दुसऱ्या महायुद्धात. लोक मोठ्या संख्येनं भाजत होते आणि कातडी लावण्याची गरज वाढली होती. पीटर मेडावर नावाचा तरुण शास्त्रज्ञ आणि थॉमस गिब्सन नावाचे शल्यचिकित्सक ग्लासगोमध्ये काम करत होते. त्यांच्याकडे एक बाई आली, शेगडीवर पडून भाजलेली. तिला तिच्या सख्ख्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले. काही दिवसांनी ते गळाले. पुन्हा त्याच भावाच्या कातडीचे तुकडे लावले. या वेळी ते पहिल्यापेक्षा लवकर गळाले.

मैत्रिणींनो, या "लवकर"मध्ये सगळी गोष्ट आहे. कातडी नुसती वाळून मेली असती, तर दोन्ही वेळा सारखाच वेळ लागला असता. दुसऱ्यांदा लवकर गळाली, याचा अर्थ शरीराला पहिली वेळ आठवत होती. देवीची किंवा गोवराची लस घेतली की शरीर तो रोग ध्यानात ठेवतं आणि पुन्हा आला तर झटकन अंगावर धावून जातं. भावाच्या कातडीशी शरीर तसंच वागलं. १९४३ साली दोघांनी हे लिहून प्रसिद्ध केलं. मेडावर यांना पुढं १९६०मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

तर पहिली गोष्ट ही. दुसऱ्याचा अवयव नाकारणं हा रोग नाही. आपल्याला जंतूंपासून वाचवणारी जी राखण आहे, तीच हे काम करते. त्या राखणीला प्रेम कळत नाही, नातं कळत नाही. सख्खा भाऊसुद्धा तिला परकाच.

मग अवयव बदलणं जमणार कसं? पहिली वाट सापडली जुळ्यांत. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन इथं डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याची किडनी त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याला बसवली. दोघं अगदी एकसारखे जुळे. खात्री करायला आधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून बघितला होता. तो टिकला, म्हणून किडनीही टिकेल असं ठरलं, आणि ती टिकली. रिचर्ड पुढं आठ वर्षं जगला. ज्या परिचारिकेनं त्याची सेवा केली तिच्याशीच त्यानं लग्न केलं. किडनी देणारा रोनाल्ड २०१०पर्यंत, ७९ वर्षांचा होईपर्यंत जगला. देणाऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण जुळा भाऊ कितीजणांना असतो? बाकीच्यांसाठी आधी हे कळायला हवं होतं की शरीर परका कसा ओळखतं. प्रत्येक पेशीवर काही खुणा असतात. रक्तगट ही त्यातलीच एक खूण. तिच्या शोधात आपल्या महाराष्ट्राचंही पान आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक असा रक्तगट शोधला की तो ए नाही, बी नाही आणि ओसुद्धा नाही. जगभर त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. त्या गटाच्या माणसाला दुसऱ्या कुणाचंच रक्त चालत नाही, त्याच गटाचं लागतं.

रक्तगटाशिवाय आणखी खुणा असतात, त्या पांढऱ्या पेशींवर ठळक दिसतात. त्यांना एचएलए म्हणतात. लेकराला यातल्या अर्ध्या खुणा आईकडून येतात, अर्ध्या बापाकडून. सख्ख्या भावाबहिणीच्या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नवराबायकोच्या जुळणं म्हणजे योगायोगच. या खुणांचा शोध फ्रान्सचे डॉ. जाँ दोसे यांनी १९५८मध्ये लावायला सुरुवात केली. पण त्याच वर्षी आणखी एक शोध लागला, तो आपल्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

अमेरिकेत रोझ पेन नावाच्या संशोधिका आणि हॉलंडमध्ये डॉ. व्हान रूड यांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट पाहिली. ज्या बायांची बाळंतपणं झाली आहेत, त्यांतल्या काहींच्या रक्तात पांढऱ्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. प्रतिपिंड म्हणजे एखाद्या परक्या खुणेला चिकटण्यासाठी शरीरानं घडवलेलं हत्यार. ते आलं कुठून? लेकराकडून. पोटातल्या बाळाच्या अर्ध्या खुणा बापाच्या. बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, विशेषतः बाळंत होताना. आईचं शरीर त्या खुणा बघतं आणि ध्यानात ठेवतं. गर्भ पडला तरी असं होऊ शकतं. बाहेरून रक्त चढवलं तरी होऊ शकतं. प्रत्येक बाईत होतंच असं नाही, पण बाळंतपणं वाढली की शक्यता वाढते.

नवल बघा. तेच शरीर पोटातल्या बाळाला मात्र नऊ महिने सांभाळतं, फेकत नाही. अर्धं परकं असलेलं बाळ आई कसं धरून ठेवते, हा प्रश्न मेडावर यांनीच १९५३मध्ये विचारला होता. त्यावर आजही संशोधन चालू आहे.

आणखी एक गोष्ट मला वाचून भरून आलं. एचएलएच्या खुणा ओळखायच्या कशानं? त्यासाठी लागणारी प्रतिपिंडं कितीतरी वर्षं बाळंतिणींच्याच रक्तातून घेतली गेली. म्हणजे जगात ज्या कुणाची किडनी जुळवून बसली, त्या जुळवणीमागं लेकरं जन्माला घातलेल्या कुण्या बायांचं रक्त होतं. पुण्याच्या त्या कारागिरासारखंच, त्यांचीही नावं कुठं लिहिलेली नाहीत.

आता क्रॉसमॅच काय ते लगेच कळेल. घेणाऱ्याच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशींत मिसळतात. पेशी मेल्या तर समजायचं की हत्यारं आधीच तयार आहेत. हाच तो पॉझिटिव्ह रिपोर्ट. १९६९मध्ये पटेल आणि पॉल तेरासाकी या दोघांनी याचा हिशेब मांडला. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना बसवलेल्या ३० किडन्यांपैकी २४ लगेच निकामी झाल्या. निगेटिव्ह असताना बसवलेल्या १९५ पैकी फक्त ८. तेव्हापासून ही तपासणी केल्याशिवाय किडनी बसवत नाहीत. त्याआधी कधी कधी टेबलावरच, टाके घालायच्या आत, नवी किडनी निळी पडायची.

म्हणजे आपल्या त्या बाईचा रिपोर्ट वाईट आला नव्हता. त्या रिपोर्टनं तिला वाचवलं होतं. नवऱ्याच्या खुणा तिच्या रक्ताला ओळखीच्या होत्या, कारण त्याची तीन लेकरं तिनं पोटात वाढवली होती.

क्रॉसमॅच चांगला आला तरी गोष्ट संपत नाही. आधीची हत्यारं नसली तरी शरीर नवीन घडवू शकतं, आणि मुख्य म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या टी-पेशी स्वतः चाल करून जातात. त्या कशा उठतात ते आपल्या गटाच्या व्यवहारावरून सांगते. बँकेतून गटाचे पैसे काढायला एका सहीवर चालत नाही. टी-पेशीचंही तसंच. पहिली सही, परकी खूण दिसली. दुसरी सही, शेजारच्या पेशीनं दुजोरा दिला की होय, इथं धोका आहे. पहिली सही झाली आणि दुसरी नाही, तर पेशी गप्प बसते. दोन्ही झाल्या की पेशी इंटरल्युकिन-२ नावाचा निरोप सोडते. तो मिळाला की एकीच्या दोन, दोनीच्या चार अशा पेशी वाढतात आणि किडनीवर जातात. तीन इशारे. यातला एखादा अडवला तरी हल्ला थांबतो. आजची सगळी औषधं हेच करतात.

पहिलं उपयोगी औषध आलं ते एका बाईच्या हातून. गर्ट्रूड एलियन. न्यूयॉर्कची मुलगी, रसायनशास्त्रात हुशार. पण प्रयोगशाळेत बाई नको म्हणून तिला नोकऱ्या नाकारल्या गेल्या. पीएच.डी. करणं जमलं नाही ते नाहीच. १९४४मध्ये एका औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली तिला काम मिळालं. दोघांनी मिळून घडवलेल्या अझाथायोप्रिन या औषधामुळं १९६२मध्ये नात्यातल्या नसलेल्या माणसाची किडनी पहिल्यांदा बराच काळ टिकली. ते औषध पेशींची वाढ अडवतं. १९८८मध्ये एलियन यांना नोबेल मिळालं.

दुसरं मोठं औषध मातीतून आलं. नॉर्वेच्या पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळालं. १९७८मध्ये इंग्लंडच्या डॉ. रॉय काल्न यांनी ते रुग्णांना दिलं. तिसरं, टॅक्रोलिमस, १९८४मध्ये जपानच्या मातीतल्या जिवाणूतून. ही दोन्ही औषधं पेशीला इंटरल्युकिनचा निरोप लिहूच देत नाहीत. आज आपल्याकडं किडनी बसवलेल्या बहुतेकांच्या डब्यात टॅक्रोलिमसची गोळी असते.

आपल्या राज्यात काय झालं? मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५मध्येच मृत माणसाची किडनी बसवण्याचा प्रयत्न झाला. रुग्ण अकराव्या दिवशी दगावला. देशात जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसली ती १९७१मध्ये, वेल्लोरला. केईएमचा किडनी विभाग पुढं डॉ. विद्या आचार्य यांनी अनेक वर्षं सांभाळला. बाई किडनीची डॉक्टर, हेच त्या काळी नवल होतं. किडन्यांचा बाजार वाढला म्हणून १९९४मध्ये कायदा आला आणि विकणं-विकत घेणं गुन्हा ठरलं. २०११च्या दुरुस्तीनं अदलाबदलीला परवानगी दिली. म्हणजे माझ्या नवऱ्याची मला चालत नाही, तुझ्या नवऱ्याची तुला चालत नाही, पण माझ्याची तुला आणि तुझ्याची मला चालते, तर दोन घरं मिळून तसं करू शकतात. मेंदूमृत माणसाच्या अवयवांसाठी विदर्भात नागपूरला झेडटीसीसीचं केंद्र आहे. तिथल्या यादीत नाव नोंदवता येतं.

आता एक आकडा सांगते. राष्ट्रीय संस्था नोट्टोच्या नोंदीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यात पुरुषांना २९,६९५ आणि बायांना फक्त ६,९४५. आणि जिवंतपणी अवयव देणारं बहुतेक वेळा कोण असतं? आई, बायको, बहीण. आपल्या या बाईला माहेरी दोन भाऊ आहेत. अजून एकही तपासणीला आलेला नाही. त्यांना मी वाईट म्हणत नाही. घरची वावरं, लेकरं, भीती, सगळं समजतं. पण नवऱ्यासाठी बायकोनं द्यावी हे गृहीत धरतात, तेव्हा ही भीती कुणाला आठवत नाही. बाईच्या शरीरानं लेकरांसाठी हत्यारं घडवली म्हणून तिला जुळणारी किडनी मिळणं आधीच अवघड. त्यात ती मागायलाच कुणी पुढं होत नाही.

म्हणून चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

पहिली. किडनी बसवायची बोलणी चालू असतील तर किती बाळंतपणं झाली, किती वेळा पोट पडलं, कधी रक्त चढवलं, हे सगळं डॉक्टरांना सांगा. सासूसमोर सांगता येत नसेल तर एकटीनं सांगा. डायलिसिसच्या पेशंटला नुसतं अशक्तपणा घालवायला रक्त चढवायचं म्हणत असतील, तर दुसरा उपाय आहे का हे विचारा.

दुसरी. किडनी बसल्यावर गोळी म्हणजे गोळी. शरीराची आठवण पुसत नाही, औषधं तिला दाबून ठेवतात. बरं वाटतं म्हणून गोळी सोडली की ती जागी होते. नाकारणं सुरू झालं तरी बरेचदा दुखत नाही. लघवी कमी होणं, सूज, ताप, रक्तदाब वाढणं ही लक्षणं आहेत, पण कधी फक्त रक्त तपासणीतच कळतं. म्हणून तपासणी चुकवू नका.

तिसरी. दुसऱ्या कुठल्याही आजाराची गोळी, झाडपाल्याचं औषध, दुखण्यावरची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. टीबीच्या एका औषधानं टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण एकदम घसरतं.

चौथी पैशाची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. पण गोळ्या जन्मभराच्या असतात. महिन्याचे पैसे कमी पडले म्हणून आठ दिवस गोळी चुकली आणि किडनी गेली, असं व्हायला नको. आमच्या गटानं ठराव केला आहे की अशा औषधासाठी अंतर्गत कर्ज बैठकीची वाट न बघता त्याच दिवशी द्यायचं. तुमच्या गटात हा विषय मांडा.

मी हे सगळं आधी गटात सांगितलं. पॉझिटिव्हचा अर्थ मी चुकीचा सांगितला होता, तेही सगळ्यांसमोर कबूल केलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे माह्या आंगात खोट नाई. लेकरायची आठवण हाये." तिच्या जावेनं मान खाली घातली.

अदलाबदलीसाठी आणि नागपूरच्या यादीत, दोन्हीकडं तिचं नाव नोंदवलं आहे. आठवड्यातून दोनदा एसटी चालूच आहे. आता फरक एवढाच की गटातली एक बाई दर वेळी तिच्यासोबत जाते. मागच्या मंगळवारी माझी पाळी होती.